दोन थापा

"मुलाचं नाव काय?" कराटेच्या सरांनी वही उघडत विचारलं.

"सुलभा खटावकर."

"मुलाचं विचारतोय मी, मॅडम."

"मूल नाही मला. मीच शिकणार आहे."

सरांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. साताऱ्यातल्या एका शाळेचा तो दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. समोर चाळीस-पन्नास पोरं रांगेत उभी राहून हवेत बुक्क्या मारत होती आणि दर बुक्कीला एकसुरात ओरडत होती. त्यातली सगळ्यात उंच मुलगी माझ्या खांद्याला लागली असती. मी सत्तेचाळीस वर्षांची, वजन त्र्याऐंशी किलो, हातात पिशवी, पिशवीत ऑफिसचा रिकामा डबा. दोन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली. सरांच्या जागी मी असते तर मीही टोपण लावलं असतं.

"मॅडम, लेडीजसाठी योगासनांचा वर्ग असतो खाली..."

"योगासनं नकोत. मला एकच विचारायचंय. माणूस पडला तर पुढे काय करायचं, ते तुमच्यात शिकवतात का?"

"पडला तर?" सर हसले. तरुण होते बिचारे, दात सुरेख होते. "पडूच नये म्हणून तर कराटे, मॅडम. पाय पक्के रोवले की माणूस पडत नाही."

"पण पडलाच तर?"

"तर हरला," ते म्हणाले.

मी त्यांचे आभार मानले आणि जिने उतरले. खाली आल्यावर पिशवीतून कागद काढला आणि फाटकाच्या खांबावर धरून कराटेपुढे फुली मारली.

त्या कागदाबद्दल सांगायला हवं. मी भूमी अभिलेख खात्यात होते, नकाशे काढायला. बावीस वर्षं लोकांच्या बांधांच्या रेघा ओढल्या, त्यामुळे तक्ता आखल्याशिवाय मला साधी कढईसुद्धा विकत घेता येत नसे. ह्या तक्त्यात शिकवणीचं नाव, घरापासून अंतर, वेळ, कितवा मजला असे रकाने होते, आणि शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'पडल्यावर'. तक्ता मी एका छापील अर्जाच्या कोऱ्या पाठीवर आखला होता. पुढच्या बाजूला होतं: विनंती बदलीसाठी अर्ज. सातारा ते नागपूर. अर्ज माझ्या धाकट्या भावाने, अरविंदने, स्वतःच्या हाताने भरून दिला होता. फक्त माझी सही राहिली होती.

अरविंद गणपतीत दोन दिवस आला होता. माझ्या घोट्याला पट्टी बघून त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, न्हाणीघरात जरा पाय सरकला. "जरा" ह्या शब्दावर मी फार भरवसा ठेवला होता.

"ताई, हे असं किती दिवस चालायचं?" तो म्हणाला. "सरोज होती तोवर ठीक होतं. आता कोण आहे? गच्चीशेजारची खोली रिकामीच आहे आमची. मंजिरीचीही काही हरकत नाही."

भावजयीची हरकत नाही म्हणे! बावीस वर्षं नोकरी करून, स्वतःच्या घरात राहून शेवटी माणसाने पोचायचं कुठे, तर ज्या खोलीला कुणाची हरकत नाही तिथे.

"दिवाळीपर्यंत बघते," मी म्हटलं.

"काय बघणार आहेस?"

पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला तर दिवाळीनंतर बदली होईल, एवढं बजावून तो गेला.

सरोज म्हणजे माझी मैत्रीण. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती. आम्ही दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहिलो. तिची रात्रपाळी असली की मी तिच्यासाठी पोळ्या झाकून ठेवायची, मला ताप आला की ती हॉस्पिटलातली सगळी करडी शिस्त घरी आणायची. वैशाखात एकोणपन्नासाव्या वर्षी तिने बेळगावच्या एका विधुर मास्तरांशी लग्न केलं. चांगला माणूस आहे. लग्नात मीच करवली होते. नवरा गेला तर लोक भेटायला येतात, पिठलंभात आणतात. मैत्रीण लग्न करून गेली तर त्याचं सुतक कोण पाळतो? उलट पेढे वाटायचे. मी वाटले. घरी आल्यावर तिच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली आणि ओक्साबोक्शी रडले.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "कशी आहेस?" "मजेत." असं ते चालायचं.

तर तक्ता. कराटेनंतर मी मर्दानी खेळांच्या वस्तादांकडे गेले. एका देवळाच्या पटांगणात सकाळी लाठीकाठी चालायची. वस्ताद सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. त्यांनी मला हाकलून दिलं नाही. चहा पाजला आणि हातात लाठी दिली.

"धरा मधोमध. आता फिरवा. मनगटातनं, खांद्यातनं न्हाय."

मी फिरवली. लाठी माझ्याच कानावर बसली. पटांगणातली सगळी मंडळी हसली, वस्ताद तेवढे हसले नाहीत.

"वस्ताद, ह्यात माणूस पडला तर काय करायचं?"

"रणात पडलेला उठत न्हाय, बाई," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "त्याला उचलत्यात."

"कोण उचलतं?"

"चौघं."

मग माझा चेहरा बघून त्यांनाच कसंतरी झालं असावं. "आवो, तसं न्हाय. आजून लई दिस हाईत तुमचं," असं म्हणून त्यांनी चहा परत मागवला. मी दुसरा चहा घेतला आणि दुसरी फुली मारली.

तिसरा वर्ग महिला मंडळाचा होता, स्वसंरक्षणाचा, पंधरा दिवसांचा. एक चुणचुणीत मुलगी किल्लीचा जुडगा बोटांत धरून गुंडाच्या डोळ्यात कसा खुपसायचा ते दाखवत होती. आम्ही वीसजणी हवेतल्या गुंडांचे डोळे फोडत होतो. माझ्या मनात आलं, माझ्याकडे गुंड तरी कशाला येईल? वैशाखापासून एक अरविंद सोडला तर पेपरवाल्याशिवाय कुणी बेल वाजवली नव्हती. हसू आलं, आणि मग हसू गेलं. तिला मी प्रश्न विचारलाही नाही.

चौथ्या जागी, बाजारामागे एका गुळाच्या जुन्या गोदामात, इंगवले सर ज्युदो शिकवायचे. सकाळी सहाला. तळमजला होता, हा एक गुण मी आधीच देऊन टाकला होता. आत काथ्याच्या गाद्या मांडून वर ताडपत्री ताणून बसवली होती. पावसाळी हवेत भिंतींना अजून गुळाचा वास यायचा. सर एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ठेंगणे, मान म्हणून नाहीच असे, आणि दोन्ही कान चुरगळलेले.

मी दारातच विचारलं, "पडल्यावर काय करायचं, हे शिकवता का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. हसले नाहीत.

"पहिला महिनाभर दुसरं काय शिकवतच न्हाई मी," ते म्हणाले. "पोरं कंटाळून पळून जात्यात. तुमास्नी चालंल?"

तक्त्यातल्या त्या रकान्यात मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

जाड पांढरा ड्रेस माझ्या मापाचा मिळेना, तेव्हा शेवटी सरांच्या एका वजनदार विद्यार्थ्याचा जुना मिळाला. गादीवर माझ्याखेरीज मोठं माणूस एकच होतं. रेहाना. चाळिशीची, अंड्यांचं दुकान चालवणारी, हात असे की अंड्यांच्या ट्रेची थप्पी एका दमात उचलेल. तिची मुलगी सना राज्यपातळीवर खेळायची. तिला सोडायला येऊन रेहाना दाराशी बसून असायची, तर सर एक दिवस म्हणाले, बसून काय करताय, जोडी कमी पडतीय, या आत. तेव्हापासून ती गादीवर.

"नवरा काय म्हणाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मला भोचकपणा करायची सवय नव्हती, पण बोलायचीही राहिली नव्हती.

"त्याला अजून कळलंच न्हाई," ती म्हणाली. "घरात अकरा माणसं हाईत, ताई. कोण कुठं जातंय ते कुणालाच म्हाईत नसतं. हितं गादीवर पडलं की निदान कुणी च्या मागत न्हाई."

मी म्हटलं, "माझ्याकडे ये. माझ्याकडे कुणीच चहा मागत नाही." तिला तो विनोद वाटला.

पडायचं शिकणं सोपं नाही. उकिडवं बसायचं, एका कुशीवर लवंडायचं, हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही, आणि अंग टेकायच्या क्षणी सबंध हात खांद्यापासून तळव्यापर्यंत गादीवर सपाट मारायचा. फाडकन आवाज आला पाहिजे. मार सगळा त्या थापेत जातो, अंगाला लागत नाही.

"जमिनीला आधी हातानं सांगायचं, आलो म्हणून," सर म्हणायचे. "सांगितल्याशिवाय गेलं की ती मारती."

लवंडणं मला आलं. हनुवटी आली. आठ दिवसांत मी न घाबरता डावीकडे, उजवीकडे, मागे पडू लागले. त्र्याऐंशी किलोचं माणूस पडताना बघायला पोरं सुरुवातीला थांबायची, मग तीही थांबेनाशी झाली. पण हात काही पडेना. ऐन वेळेला तो आखडायचा आणि मऊ होऊन गादीवर टेकायचा.

"बाई, भाकरी थापताय का?" सर ओरडायचे. "मारा! गादीला लागत न्हाई!"

दुसऱ्या आठवड्यात ओरडायचे. तिसऱ्या आठवड्यात जवळ येऊन बसले.

"सगळं येतंय तुमास्नी. ह्यो हातच का आडून बसतोय?"

"बघते," मी म्हटलं.

माझा उजवा खांदा रोज दुखायचा, कारण थाप नसली की मार तिथे बसतो. ऑफिसात बिब्ब्याचं तेल लावून बसायची. सगळ्यांना वाटायचं, शुगर कमी करायला बाई काहीतरी व्यायाम करतात. मीच तसं सांगितलं होतं.

दहा तारखेला अरविंदचा फोन आला. "दिलास अर्ज?"

"देते."

"ताई, पंधरा म्हणजे पंधरा. खोलीला रंगही काढतोय आम्ही. तुला फिक्का निळा चालेल ना?"

तो वाईट नव्हता. मला वाटतं तो मनापासून घाबरला होता, आणि घाबरलेली माणसं रंग काढतात. मी फिक्का निळा चालेल म्हटलं. चौथा आठवडा होता, मला धड पडतासुद्धा येत नव्हतं, आणि मी स्वतःशी ठरवलेलं असं होतं की जमिनीची भीती गेली तर राहायचं, नाहीतर सही करायची.

चौदा तारखेला सरांनी आम्हाला पहिल्यांदा धरून ठेवायचं शिकवलं. समोरचा पाठीवर पडला की त्याच्या कुशीला चिकटून बसायचं, एक हात त्याच्या मानेखाली, दुसऱ्याने त्याचा दंड काखेत आवळायचा, आणि आपलं सगळं वजन त्याच्या छातीवर सोडायचं. खालच्याने सुटायची धडपड करायची.

"आणि नीट ऐका," सर म्हणाले. एरवी त्यांच्या बोलण्यात पोरं कुजबुजायची, तेव्हा गप्प झाली. "सुटता आलं न्हाई, दम कोंडला, दुखलं, काय बी झालं, तर दोन थापा. गादीवर, न्हाईतर समोरच्याच्या अंगावर. तोंडानं बोलायचं न्हाई. दम कोंडल्यावर शब्द निघत नसतो. आणि वरच्यानं थाप कळली की सोडायचं. का म्हणून विचारायचं न्हाई, आजून थोडं म्हणायचं न्हाई. त्या क्षणाला सोडायचं. ह्यो एक नियम ज्यानं मोडला त्याला मी गादीवरनं कायमचा काढला. सख्ख्या पुतण्याला काढलाय."

रेहानाने मला धरलं.

तिचं वजन छातीवर आलं आणि मला काहीच सुचेना. तिच्या ड्रेसला साबणाचा आणि किंचित अंड्यांचा वास होता. तिचा गाल माझ्या कानाजवळ होता, गरम. तिचा दंड माझ्या मानेखाली होता, उशीसारखा. वैशाखात सरोजने बसमध्ये चढताना मला मिठी मारली होती. त्यानंतर पाच महिन्यांत मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथे, त्या ताडपत्रीवर, एका परक्या बाईच्या वजनाखाली ते कळलं.

"धडपडा की, ताई," रेहाना म्हणाली.

मी धडपडले नाही. पडून राहिले. मग श्वास आखूड होऊ लागला. मला थाप मारायला हवी होती. उजवा हात काखेत अडकला होता, पण डावा मोकळाच होता. तो मी उचलला आणि तो वरच राहिला. कानात गूं होऊ लागलं.

"ताई? थाप मारा की! ताई!"

रेहाना स्वतःच उठली. मी खोकत बसले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरं बघत होती. सर तरातरा आले.

"थाप का मारली न्हाई?"

मी ताडपत्रीची सुरकुती सरळ करत राहिले.

"हट्ट इथं चालत न्हाई, बाई. मारता येत असून न मारणारा माणूस मला गादीवर नको. उद्या घुसमटून पडला तर दोष तिच्यावर जाईल, तिच्या पोरीसमोर." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "उद्या मारणार असाल तर या. न्हाईतर येऊ नका."

मी बाहेर येऊन गोदामाच्या पायरीवर बसले. समोरच्या टपरीवर स्टोव्ह पेटत होता. बरंच झालं, मनात म्हटलं. एका थपडेसरशी सगळ्याचा निकाल लागला. फिक्का निळा.

रेहाना पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि शेजारी बसली.

"मला घाबरवलंत की वो, ताई."

"चुकलं माझं."

"मारली का न्हाई पण? हात तर मोकळा हुता."

मी पाणी प्यायले. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं. सरोजला दहा रविवारी सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं. ह्या बाईचं मला आडनावसुद्धा माहीत नव्हतं.

"मारून उपयोग होत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"श्रावणात मी घरी पडले. दुसरा शनिवार होता, सुट्टीचा. सकाळी सातला न्हाणीघरात. साबणावरून पाय गेला. पाय दुमडून अंगाखाली आला आणि कमरेत असं काही धरलं की हलता येईना. दाराची कडी वर. फोन बाहेरच्या खोलीत."

"या अल्ला. मग वराडायचं की!"

"अंगावर कपडे नव्हते, रेहाना."

तिने माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"ओरडले असते तर खालच्या मजल्यावरचे फडतरे आले असते. ते, त्यांचा मुलगा, समोरचे पेन्शनर. दार तोडलं असतं. त्यापेक्षा मेलेली बरी, असं वाटलं. तेव्हा खरंच वाटलं. मग मी फरशीवर थापा मारायला लागले. हाताने. खाली फडतरेवहिनींचं स्वयंपाकघर आहे, सकाळभर त्या तिथेच असतात. म्हटलं, वहिनींना ऐकू जाईल, त्या एकट्या वर येतील, दाराबाहेरून विचारतील. दोन थापा, थांबायचं. दोन थापा, थांबायचं. हात सुजला तेव्हा तांब्याने."

"किती येळ?"

"साडेतीनपर्यंत."

"दुपारी?"

"हो. मग बादली पालथी घालून, तिच्यावर रेलून कशीतरी कडी काढली."

स्टोव्हचा आवाज चालला होता. आतून पोरांच्या थापा ऐकू येत होत्या, फाड, फाड.

"त्यास्नी ऐकूच गेलं न्हाई?" रेहानाने विचारलं.

"गेलं ना." मला हसू आलं, कसलं कोण जाणे. "सोमवारी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, 'सुलभाताई, शनिवारी किती ते धुणं काढलंत! दुपारपर्यंत धोपटणं चाललं होतं. एकटीचं एवढं धुणं असतं?' चांगली बाई आहे हो. वाटीभर आमटी पाठवते कधी."

"आनि तुम्ही काय म्हनाला?"

"चादरी होत्या म्हटलं."

रेहानाने 'अरेरे' केलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. केलं असतं तर मी उठून गेले असते. तिने विचारलं, "कुठल्या हातानं मारत हुता?"

"उजव्या."

तिने माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा केला आणि तळवा नीट बघितला, दुकानात अंडं उजेडाला धरून बघतात तसा. मग परत माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्या या," ती म्हणाली आणि सनाला हाका मारत आत गेली.

पंधरा तारखेला मी पिशवीत दोन गोष्टी घेऊन निघाले: घडी केलेला पांढरा ड्रेस आणि तो अर्ज. सहीसाठी पेनही होतं. गोदामातून परस्पर ऑफिस गाठायचं आणि दहाला साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायचा, असं ठरलं होतं. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. पाठीवर चार नावं, तीन फुल्या. पण ते आता, सहासष्टाव्या वर्षी, त्याच घरात बसून सांगणं सोपं आहे. त्या सकाळी मी तो द्यायलाच निघाले होते.

सरांनी मला दारात बघितलं आणि फक्त मान हलवली.

रेहानाने मला धरलं. आदल्या दिवसासारखंच, कमी नाही. वजन छातीवर, दंड मानेखाली, साबणाचा वास. वर पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उजेडाची तिरीप येत होती. श्वास आखूड झाला. मी डावा हात उचलला. तो पुन्हा वरच राहिला.

मग मी तो तिच्या पाठीवर ठेवला आणि बोटांनी दोनदा टेकवला. थाप कसली, भाकरीला लावतात तेवढासुद्धा जोर नव्हता.

वजन गेलं.

रेहाना गुडघ्यांवर मागे सरून बसली होती, दोन्ही हात मोकळे करून. मी बोट उचलायच्या आत ती बाजूला झाली होती.

"परत धर," मी म्हटलं.

तिने धरलं. ह्या वेळी मी जरा जोराने मारल्या. ती सुटली.

"परत."

चौथ्यांदा की पाचव्यांदा मी तिला म्हटलं, आता उजवा हात मोकळा ठेव. तिने कूस बदलून दुसऱ्या बाजूने धरलं. उजवा हात मी डोक्यावरून वर नेला आणि ताडपत्रीवर आपटला. दोनदा. पत्र्याचं छप्पर त्या आवाजाने घुमलं. तळवा झणझणला. गोदामातली सगळी पोरं होती तशी थांबली, सना एका मुलीला अर्धवट उचललेली तशीच, आणि सर पलीकडच्या टोकाहून धावत निघाले. एवढी सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

रेहाना कधीच बाजूला झाली होती, माझ्यावर वाकून बघत होती.

"काय झालं, ताई? लागलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "ऐकू येतं का, ते बघत होते."